कडकडमावशींची चार बोटं

सायकलच्या दुकानावरच्या माडीवर दोन खोल्या आहेत. दारावर पाटी आहे, तिच्यावर 'कायरोप्रॅक्टर' असं लिहिलं आहे, आणि गेल्या सव्वीस वर्षांत तो शब्द एका दमात कुणाला म्हणता आलेला नाही. त्याची गरजही पडली नाही. खाली पंक्चर काढायला थांबलेल्या माणसाला वरून 'कड्!' असा आवाज ऐकू येतो, मग एक किंकाळी, मग एक सुटकेचा उसासा. "काही नाही, वर कडकडमावशी आहेत," असं सायकलवाला सांगतो. महिन्याभरात तोच माणूस कंबर धरून जिना चढताना दिसतो.

मावशींना कुणी हाडवैद्य म्हटलं की त्यांचा पारा चढे. "हाडं जोडणारे वेगळे. मी सांधे मोकळे करते. चार वर्षं शिकलेय त्यासाठी." शिकलेल्या खऱ्याच, पण देवानं आधीच सोय करून ठेवली होती. उंचीला दारात वाकावं लागेल अशा, खांदे पैलवानाचे, आणि हाताचा पंजा असा की चहाचा कप त्यात दिसेनासा व्हायचा. त्यांची रीत ठरलेली होती. पेशंटला कुशीवर झोपवायचं, एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवायचा आणि विचारायचं, "सकाळी काय खाल्लंत?" पेशंट आठवायला लागला, त्याचं अंग ढिलं पडलं, की कड्! त्यामुळे मावशींच्या दवाखान्यात कुणाचंही वाक्य पूर्ण होत नसे. पाच मिनिटांत काम फत्ते, आणि जिन्यात हाक: "पुढचा!"

अशा या बाईचा उजवा अंगठा दुखायला लागला.

आधी त्यांनी दुर्लक्ष केलं. मग बरणीचं झाकण उघडेना. मग एका बस ड्रायव्हरची पाठ सोडवताना 'कड्' झालं, पण पाठीतून नाही, मावशींच्या मनगटापाशी, आणि त्या दिवशी किंकाळी त्यांनी मारली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजून गेला होता. "दोन वर्षं ओढाल फार तर," डॉक्टर म्हणाले. "तेही हळूहळू केलंत तर. मग हे काम बंद."

मावशी तडक घरी आल्या. घर म्हणजे मागच्याच गल्लीत, आणि पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. शिंपीबुवा मापाचा टेप गळ्यात अडकवून कापड बेतत होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मग आता थोडी विश्रांती घे. घरी बस."

"घरी बसून काय करू? तुमच्या शर्टांना बटणं लावू?"

"नको. तू लावलेलं बटण ओढलं तर कापडासकट हातात येईल."

मावशी हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माणसाचं दुखणं हातांनी कमी करायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना येत होती. तीच गेली तर उरलेल्या बाईचं काय करायचं हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तोडगा निघाला तो एका माहितीपत्रकातून. 'कायरोप्रॅक्टरांसाठी ॲक्युपंक्चरचा प्राथमिक वर्ग, पारंपरिक चिनी वैद्यकावर आधारित. आठ आठवडे, दर शनिवार-रविवार. शेवटी परीक्षा.' उत्तीर्ण झालं की आपल्याच दवाखान्यात ठरावीक जागी सुया लावायची परवानगी मिळणार होती. सुईला जोर लागत नाही, एवढंच मावशींना त्यातून दिसलं. एरवी त्यांचा सुयाबियांवर काडीचा विश्वास नव्हता. पण अंगठा त्यांचा होता, आणि दिवस थोडे होते. त्यांनी नाव घातलं.

वर्ग एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भरे. लांबट खोली, आठ टेबलं, भिंतीवर उघड्या माणसाचं चित्र, अंगावर रेघा आणि ठिपके. सोळा विद्यार्थी, सगळे मणक्यांची कामं करणारे, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की सोळाच्या सोळा जणांची कंबर दुखत होती. जगाच्या पाठी सरळ करता करता स्वतःच्या पाठीचं सगळ्यांनी मातेरं केलं होतं.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, मूठभर देहाच्या. बोलणं हळू, पण टोचणारं. पोरांनी त्यांचं नाव 'सुईबाई' ठेवलं, अर्थात पाठीमागे. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "हे सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. जिथे चालतं तिथे चालतं. ज्याला चमत्कार हवाय त्यानं आत्ताच घरी जावं." मग त्यांनी भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. या बारा वाहिन्या, आणि त्यांतून वाहते ती 'ची', म्हणजे अंगातली प्राणशक्ती.

"एक्स-रेत दिसते का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. दुखणं तरी कुठे दिसतं? तरी तुम्ही सगळे वर्षानुवर्षं त्याच्यावरच जगताय ना?"

मावशींना ही बाई आवडली.

पण त्या दिवशी त्यांच्या हातून एक गोष्ट निसटली. सुईबाई मोजमाप सांगत होत्या. गुडघ्याखाली चार बोटं, घोट्याच्या वर चार बोटं, मनगटापासून दोन बोटं, असं काहीबाही. मावशींच्या शेजारी एक लांब मानेचा पोरगेला डॉक्टर बसला होता, ज्याला त्या पुढे जिराफ म्हणायला लागल्या. त्याची मान आखडली होती आणि तो ती सारखी चोळत होता. मावशींना आखडलेली मान दिसली की हात स्वस्थ बसत नसत. "इकडे वळ. सकाळी काय खाल्लंस?" पोरगा आठवायला लागला आणि कड्! अख्खा वर्ग वळून बघायला लागला. जिराफ "अहाहा!" म्हणाला. सुईबाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पुढे चालू ठेवलं. मावशींनी वहीत लिहिलं: 'चार बोटं.' कुणाची, ते लिहिलं नाही. लिहायचं कशाला? सव्वीस वर्षं त्यांनी जगातलं सगळं आपल्याच हातानं मोजलं होतं.

मग धमाल सुरू झाली. जीभ बघायच्या तासाला सोळा शहाणीसुरती माणसं एकमेकांना जीभ काढून दाखवत बसली. नाडी बघायच्या तासाला सुईबाई म्हणत, "ही तारेसारखी ताठ, ही बोटाखालून घसरते." मावशी डोळे मिटून पाच पाच मिनिटं मनगट धरून बसत आणि शेवटी कबूल करत, "बाई, मला फक्त चालू आहे की बंद आहे एवढंच कळतं." पण मणके मोजायला सांगितलं की मावशी राजा. डोळे बांधून त्या पाठीवरचा कुठलाही मणका सांगत, आणि फुप्फुस कुठे जवळ येतं, सुई कुठे चुकूनही खोल जाता कामा नये, हे त्यांना तोंडपाठ होतं.

अडलं ते सुईपाशी. बारीक नळी कातडीवर टेकवायची, नळीच्या वर आलेल्या सुईच्या टोकाला तर्जनीनं हलकी टिचकी मारायची, नळी काढायची. आधी कापसाच्या उशीवर सराव. मावशींनी पहिली टिचकी मारली आणि उशी टेबलावरून खाली गेली.

"मावशी," सुईबाई शांतपणे म्हणाल्या, "दार ठोठावायचंय. तोडायचं नाहीये."

त्या दिवसापासून मावशी चालता-बोलता टिचक्या मारायला लागल्या. पोळपाटाला, खिडकीच्या काचेला, नवऱ्याच्या टकलाला. "पुरे गं," शिंपीबुवा म्हणत, पण डोकं हलवत नसत. चौथ्या आठवड्यात उशी जागची हलली नाही. पाचव्यात सुई कापसात अशी गेली की जिराफानं टाळ्या वाजवल्या. आणि खरी आनंदाची गोष्ट वेगळीच होती. सुई लावताना अंगठा दुखत नव्हता! मावशी जिन्यातून गाणं गुणगुणत उतरल्या, ते ऐकून खालचा पहारेकरी उठून उभा राहिला.

घरी सुई वापरायची मनाई होती. घरच्या माणसावर पेनानं जागा शोधायच्या आणि दाबून बघायच्या, एवढीच परवानगी. दुकान बंद झालं की शिंपीबुवा पलंगावर आडवे होत. दिवसभर सुई-दोऱ्यात वावरणाऱ्या या माणसाला टोचून घ्यायचं म्हटलं की घाम फुटे, त्यामुळे पेन बघून त्यांच्या जिवात जीव आला. मावशी गुडघ्याखाली आपली चार बोटं ठेवत, नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर सरकत आणि तर्जनी दाबत.

"हां, इथेच. आतून ठणका लागतो," शिंपीबुवा म्हणत.

ठणका लागला की जागा बरोबर, असं वर्गात सांगितलं होतं, आणि इथे तर प्रत्येक जागा बरोबर! मावशींना आपण म्हणजे कोण वाटायला लागलं. शिंपीबुवांच्या पायांवर निळे ठिपके एवढे झाले की एक गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, डॉक्टरला दाखवा.

आता गंमत अशी, की शिंपीबुवांचा पंजाही मावशींएवढाच. थंडीत दोघांत मिळून हातमोज्यांची एकच जोडी चाले. वर्गात जोडीला जिराफ, त्याचे हात तर फावड्यासारखे. चुकीला उघडं पडायला जागाच मिळाली नाही. ती आठवड्यामागून आठवडे मावशींच्या हातात आरामात बसून राहिली.

सातव्या शनिवारी सुईबाईंनी जोड्या बदलल्या. परीक्षेची रंगीत तालीम होती. मावशींच्या वाट्याला वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी आली, जिला सगळे चिमणी म्हणत. मावशींनी हात धुतले, तिच्या गुडघ्याखाली चार बोटं ठेवली, नळी टेकवली, टिचकी मारली. सुई सुरेख गेली.

"काय वाटतंय?" सुईबाईंनी विचारलं.

"टोचल्यासारखं," चिमणी म्हणाली. "बाकी काही नाही."

"जड? ओढल्यासारखं? सुई जागेवर बसली की तसं वाटायला हवं."

"नाही."

मावशींनी सुई किंचित फिरवली. काही नाही. दुसऱ्या पायावर लावली. तिथेही काही नाही. घोट्यावर लावली तर चिमणी "आई गं" म्हणाली. मावशींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सुईबाईंनी वाकून पाहिलं आणि सुईच्या चांगलं एक बोटभर वर आपलं बोट दाबलं. "आता?"

"हां! तिथे ठणकतंय."

"मावशी, हा पाय कुणाचा?"

"हिचा."

"मग बोटं कुणाची मोजलीत?"

मावशींनी आपल्या पंज्याकडे पाहिलं. मग चिमणीच्या हाताकडे. तो हात त्यांच्या तळव्यात ठेवला असता तर मूठ मिटून हरवला असता.

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ज्याचं अंग, त्याचंच माप. पेशंटची बोटं धरायची, आपली नाही. तुम्ही तेव्हा मान मोडत होतात." सुईबाईंचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "पुढच्या रविवारी हे असं झालं तर मी पास करणार नाही. दुसरी संधी वर्षानं."

वर्षानं! डॉक्टरांनी दिलेल्या दोनातलं एक वर्ष असंच गेलं असतं. मावशी तशाच दवाखान्यात गेल्या आणि टेबलावर बसून राहिल्या. लाज वाटत होती, ती चुकीची नव्हे. सव्वीस वर्षांत हजारो माणसं या टेबलावर झोपून गेली आणि आपण एकाचाही हात नीट बघितला नाही, याची वाटत होती. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला आणि कुणाचंही उत्तर ऐकून घेतलं नाही.

सोमवारपासून त्यांनी कंबर कसली. येईल त्याला आधी म्हणायच्या, "हात दाखवा." त्याची बोटं आपल्या बोटांवर ठेवून बघायच्या. बस ड्रायव्हरची चार म्हणजे आपली चार. शाळेतल्या बाईंची चार म्हणजे आपली साडेतीन. सायकलवाल्याची चार म्हणजे आपली सव्वाचार! चार दिवसांत गल्लीत बातमी पसरली की कडकडमावशी हात बघून भविष्य सांगायला लागल्या, धंदा बसलेला दिसतोय. दोन बायका तर मुलींच्या लग्नाचं विचारायला वर आल्या. मावशींनी त्यांचीही बोटं मोजली आणि चहा पाजून पाठवलं.

रविवार उजाडला. लेखी पेपर सकाळीच झाला, तो बरा गेला. दुपारी प्रात्यक्षिक. सुया टोचून घ्यायला तयार झालेली माणसं बाकावर बसली होती, आणि मावशींच्या चिठ्ठीत एक धिप्पाड गृहस्थ आले होते. त्यांचा पंजा बघूनच मावशींना त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण गृहस्थांनी ट्रेमधल्या सुया पाहिल्या, "जरा पाणी पिऊन येतो" म्हणाले, आणि गेले ते गेलेच. जिराफानं खिडकीतून पाहिलं तर ते रस्त्याच्या पलीकडे पोचले होते.

आता माणूस कुठून आणायचा? सुईबाई दारात गेल्या. बाहेर जिना पुसणाऱ्या आजी पायरीवर गुडघा चोळत बसल्या होत्या. इमारतीत इतकी वर्षं काम करत होत्या की भिंतींसारख्याच कुणाला दिसत नसत. सुईबाईंनी सगळं समजावून सांगितलं, चालेल का विचारलं.

"पडून राहायला मिळणार ना?" आजी म्हणाल्या. "मग सुया काय, खिळे ठोका."

आजी टेबलावर चढल्या तेव्हा मावशींनी आधी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. चिमणीपेक्षाही बारीक चण. पाय टेबलाच्या निम्म्यात संपले. सुईबाई वही घेऊन कोपऱ्यात बसल्या.

मावशींनी स्टूल ओढलं, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "सकाळी काय खाल्लंत?"

आजी आठवायला लागल्या. मावशी थांबल्या. आजींनी काय खाल्लं ते सांगितलं, मग धाकट्या सुनेनं काय केलं होतं ते सांगितलं, मग सून किती गुणी आहे ते, मग गुडघा कधीपासून दुखतो ते, आणि जिन्याच्या पायऱ्या एकशे आठ आहेत, त्या उतरताना जास्त दुखतं, चढताना नाही. मावशींनी मध्ये एक शब्दही तोडला नाही. त्यांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षांत जे घडलं नव्हतं ते इथे घडलं, एका माणसाचं बोलणं पूर्ण झालं.

"हात द्या आजी," मावशी म्हणाल्या. खरखरीत, सुरकुतलेला हात त्यांनी आपल्या हातावर ठेवला. आजींची चार बोटं म्हणजे मावशींची तीन. त्यांनी तीन बोटं गुडघ्याखाली टेकवली, बाहेर सरकल्या, दाबलं.

"अगं बाई," आजी म्हणाल्या, "तिथे तर सगळं दुखणं राहतंय."

नळी. टिचकी. सुई गेली आणि मावशींच्या बोटांना अगदी हलकी ओढ लागली, आतून कुणीतरी धरल्यासारखी. आठ आठवडे ज्या गोष्टीवर त्या नाक मुरडत आल्या होत्या ती आता त्यांच्या बोटांत होती. ती 'ची' होती की आणखी काही, हे त्यांनी ठरवलं नाही. दुसऱ्या पायावर दुसरी सुई. मग घोट्यांच्या वर, आतल्या बाजूला, एकेक. चार सुया, चारही ठिकाणी आजी म्हणाल्या, "जड झालं."

आता वीस मिनिटं थांबायचं. मावशींना थांबायची सवय नव्हती. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. पाच मिनिटांनी आजींचे डोळे मिटले. दहा मिनिटांनी त्या घोरायला लागल्या. वीस मिनिटं झाली. मावशींनी सुईबाईंकडे पाहिलं.

"उठवू नका," सुईबाई कुजबुजल्या. "झोपेतच काढा. जमेल?"

सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. चिमणी आपली परीक्षा विसरून चवड्यांवर उभी राहिली. मावशींनी कापसाचा बोळा घेतला. ज्या हातांखाली मोठमोठे बाप्ये ओरडले होते, ते हात त्यांनी आजींच्या गुडघ्यापाशी नेले. पहिली सुई निघाली. आजी घोरत होत्या. दुसरी निघाली. आजींनी कूस बदलायचा विचार केला, आणि सोडून दिला. तिसरी. चौथीला मावशींनी श्वास रोखला, आणि ती केव्हा बाहेर आली ते त्यांनाही कळलं नाही. चारही सुया डब्यात पडल्या. मावशींनी आजींच्या पायांवर चादर ओढली आणि सगळा वर्ग तसाच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं आजी दचकून जाग्या झाल्या. "अगं बाई, माझा जिना राहिलाय! काढ गं पोरी त्या सुया, लवकर."

"काढल्या, आजी."

आजींनी चादर बाजूला करून पाय पाहिले. इकडे पाहिले, तिकडे पाहिले.

"कधी?"

मावशी हसायला लागल्या, मोठ्यानं, पूर्वी दवाखान्यात हसत तशा, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. सुईबाईंनी वहीत बरोबरची एक छोटीशी खूण केली, वही मिटली आणि "पुढचा" म्हणाल्या.

मावशी खाली रस्त्यावर आल्या. त्यांनी घरी फोन लावला. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज आला. शिंपीबुवा फोनवर कुणाशीही बोलताना मशीन थांबवत नसत. आईशी नाही, पोलिसाशी नाही.

"अहो," मावशी म्हणाल्या, "मला काम करता येईल. अंगठा झिजला तरी करता येईल. म्हातारी होईपर्यंत."

मशीन थांबलं. मावशी फोन कानाला लावून रस्त्यात उभ्या होत्या. पलीकडे बराच वेळ मशीन पुन्हा सुरू झालं नाही.